तुर्क कोण, तुर्कस्तान कुठला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणाची इस्तंबूलची सहल ठरते, कोणाची एखादी तुर्की मालिका बघून संपते, कोणी बातम्यांत कुर्द किंवा आयासोफिया ऐकतं, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रम साधारण काळाचा आहे, पण सरळ वाचलंच पाहिजे असं नाही.

तुर्की, टर्की, तुर्कस्तान, तुर्किये यातलं नेमकं काय म्हणायचं?

त्या देशाच्या सरकारच्या विनंतीवरून जून २०२२ पासून संयुक्त राष्ट्रांच्या कागदोपत्री 'तुर्किये' लिहितात. मराठीत वर्षानुवर्षं 'तुर्कस्तान' रूढ आहे आणि त्यात काही बिघडत नाही. घोळ एवढाच की मध्य आशियातल्या उझबेक, तुर्कमेन, कझाक लोकांच्या मुलखालाही इतिहासाच्या पुस्तकांत तुर्कस्तानच म्हणतात. खाली 'तुर्कस्तान' म्हणजे आजचा देश समजावा. त्या देशाचा आशियातला मोठा भूभाग म्हणजे 'अनातोलिया'.

जुन्या मराठीत 'तुर्क' म्हणजे मुसलमानच ना?

हो. पैठणच्या एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' प्रसिद्ध आहे. त्यातला तुर्क इस्तंबूलहून आलेला नाही, तो गावातलाच मुसलमान आहे. दिल्लीचे सुरुवातीचे सुलतान, म्हणजे कुतुबुद्दीन ऐबक, इल्तुतमिश, बल्बन, हे खरोखरच तुर्क वंशाचे होते. राज्यकर्त्यांचं नाव मग सगळ्या धर्माला चिकटलं. राजकारणातले 'तरुण तुर्क' मात्र वेगळे. ते १९०८ साली सुलतान दुसऱ्या अब्दुलहमीदला राज्यघटना परत लागू करायला लावणाऱ्या बंडखोर अधिकाऱ्यांवरून आले.

तुर्क मूळचे कुठले?

मंगोलिया आणि आल्ताय पर्वताच्या आसपासचे. 'तुर्क' हे नाव लावणारं पहिलं मोठं राज्य इ. स. ५५२ मध्ये उभं राहिलं. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात त्यांचे शिलालेख आहेत. कुल तिगिन या राजपुत्राच्या स्मरणार्थ ७३२ मध्ये उभारलेला दगड त्यातला सर्वांत नावाजलेला. त्यात त्याचा भाऊ बिल्गे खागान आपल्या लोकांना बजावतो की चिन्यांचं बोलणं गोड आणि रेशीम मऊ असतं, त्याला भुलून जवळ गेलात तर मराल. तुर्की भाषेतला हा जवळजवळ सर्वांत जुना मोठा मजकूर, आणि तो निघतो शेजाऱ्याबद्दलच्या तक्रारीचा! ही लिपी वाचता येईना. अखेर १८९३ मध्ये व्हिल्हेल्म थॉमसेन या डॅनिश विद्वानाने ती उलगडली.

मग आजचे तुर्क मंगोलियातल्या लोकांसारखे का दिसत नाहीत?

कारण तुर्क आले त्यापेक्षा तुर्क झाले जास्त. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर पुढची बरीच उत्तरं सोपी होतील.

ओघुझ नावाच्या तुर्क टोळ्या पश्चिमेकडे सरकत इराणमध्ये आल्या, वाटेत मुसलमान झाल्या. त्यांच्यातल्या सेल्जुक घराण्याने १०५५ मध्ये बगदाद घेतलं. २६ ऑगस्ट १०७१ रोजी पूर्व अनातोलियात मलाझगिर्तच्या मैदानावर सुलतान आल्प आर्सलानने बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट रोमानोस याला हरवून जिवंत पकडलं. सुलतानाने त्याला मानाने सोडलं. त्याच्याच लोकांनी पुढच्या वर्षी त्याचे डोळे काढले. या लढाईनंतर अनातोलियाची दारं उघडली आणि मेंढरं, तंबू, बायकापोरांसह टोळ्या आत आल्या.

पण तिथे आधीपासून राहणारे ग्रीक, आर्मेनियन आणि इतर लोक कुठे उडून गेले नाहीत. पुढच्या तीन-चारशे वर्षांत त्यांच्यातले पुष्कळ जण मुसलमान झाले, तुर्की बोलू लागले, आणि नातवंडांना आपण कधी वेगळे होतो हे आठवेनासं झालं. नंतर बाल्कन आणि कॉकेशसमधून हुसकावलेले लाखो मुसलमान येऊन मिसळले. म्हणून इस्तंबूलच्या एका बसमध्ये निळे डोळे, काळे कुरळे केस आणि बारीक मिचमिचे डोळे शेजारी शेजारी दिसतात, आणि तिन्ही माणसं स्वतःला तुर्कच म्हणतात.

तुर्कांच्या आधी तिथे काय होतं?

फार काही होतं. शान्लीउर्फाजवळच्या गोबेक्लीतेपे इथले कोरीव दगडी खांब साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे शेतीही जेमतेम सुरू होत होती तेव्हाचे.

भारतीय वाचकाला जास्त रस असेल तो हित्ती लोकांत. अंकाराच्या पूर्वेला बोआझकाले गावाजवळ त्यांची राजधानी हत्तुशा होती. तिथल्या मातीच्या विटांवर इ. स. पूर्व चौदाव्या शतकातला एक तह कोरलेला सापडला. हित्ती आणि मितान्नी या दोन राज्यांच्या त्या तहाला साक्षीदार म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांना बोलावलं आहे. तिथलंच आणखी एक लिखाण घोड्यांना तयार कसं करावं यावर आहे. ते किक्कुली नावाच्या मितान्नी माणसाचं आहे, आणि त्यात फेऱ्या मोजताना ऐक, तेर, पंझ, सत्त, न असे आकडे येतात, म्हणजे एक, तीन, पाच, सात, नऊ. मितान्नी दरबारात इंडो-आर्य भाषा बोलणाऱ्यांचा काही काळ वावर होता, एवढं यातून नक्की कळतं. यावरून आर्य इथून तिथे गेले की तिथून इथे आले हे भांडण मात्र मिटत नाही, आणि समाजमाध्यमांवर ते मिटल्याचं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावं.

मुघल आणि ऑटोमन हे नातेवाईक का?

लांबचे, आणि फारसे सख्य नसलेले. बाबर तैमूरच्या वंशातला. त्याची मातृभाषा चगताई तुर्की, आणि आत्मचरित्रही त्याने तिच्यातच लिहिलं. ऑटोमन, म्हणजे उस्मानी घराणं, ओघुझ तुर्कांतलं. १३९८ मध्ये दिल्ली लुटणाऱ्या तैमूरनेच चार वर्षांनी अंकाराजवळ उस्मानी सुलतान बायेझिदला हरवून कैद केलं आणि ते राज्य जवळजवळ मोडलं. ही आठवण इस्तंबूलच्या दरबारात बराच काळ टिकली.

युद्धतंत्राचा धागा मात्र खरा आहे. पानिपतला बाबराने गाड्या चामड्याच्या दोरांनी एकमेकींना बांधून त्यांच्याआड बंदुकवाले उभे केले, आणि ही 'रूमी' पद्धत, म्हणजे उस्मानी पद्धत, असं तो स्वतः लिहितो. एप्रिल १५२६ मध्ये पानिपत झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुलतान सुलेमानने मोहाचच्या लढाईत तोफांच्या जोरावर हंगेरीचं राज्य संपवलं.

आपल्या दख्खनशी तुर्कांचा थेट संबंध आला का?

आला, आणि तो आजही हात लावून बघता येतो. विजापूरच्या तटावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा मुहम्मद नावाचा रूमी कारागीर होता. पंचधातूची, पंचावन्न टनांच्या आसपासची ही तोफ तोंडाशी सिंहाच्या जबड्यासारखी आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये तिथून विजापूरला ओढून नेली. दख्खनचे सुलतान तोफा ओतायला आणि चालवायला उस्मानी मुलखातली माणसं मोठ्या पगारावर ठेवत. 'रूमीखान' ही पदवी म्हणूनच इथल्या कागदांत पुन्हा पुन्हा दिसते.

घराण्यांचं म्हणाल तर गोवळकोंड्याचे कुतुबशाह कराकोयुन्लू या तुर्कमेन घराण्यातले. विजापूरचा यूसुफ आदिलशाह हा उस्मानी सुलतानाचा मुलगा, लहानपणी मारेकऱ्यांपासून लपवून इराणमार्गे आणलेला, अशी कथा जुना इतिहासकार फरिश्ता सांगतो. कथा झकास आहे. आजचे इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. नव्या राजाला जुना वंश लागतोच, एवढाच तिचा अर्थ.

ऑटोमन साम्राज्य सहाशे वर्षं टिकलं कसं?

१३०० च्या आसपास वायव्य अनातोलियातल्या सोयुत गावाभोवती उस्मान नावाच्या सरदाराची एक लहानशी जहागीर होती. १९२२ मध्ये शेवटचा सुलतान इंग्रजी युद्धनौकेतून निघून गेला. मधल्या काळात घराणं एकच राहिलं, हेच विशेष.

कारणांपैकी मला सर्वांत रोचक वाटतं ते माणसं निवडण्याचं तंत्र. 'देवशिर्मे' नावाच्या पद्धतीत मुख्यतः बाल्कनमधल्या ख्रिस्ती खेड्यांतून ठरावीक वर्षांनी मुलं उचलून आणत, मुसलमान करत, शिकवत. त्यांच्यातली हुशार राजवाड्यात जात, बाकीची 'येनीचेरी' म्हणजे नव्या फौजेत. आईबापांसाठी ही सरळ पोरं पळवणंच होतं. तरीही याच वाटेने बोस्नियातला एक मुलगा सोकोल्लू मेहमेद पाशा या नावाने तीन सुलतानांचा वजीर झाला, आणि कायसेरीजवळच्या खेड्यातला दुसरा मुलगा झाला मिमार सिनान, ज्याने इस्तंबूलची सुलेमानिये आणि एदिर्नेची सेलिमिये मशीद बांधली. सुलतानाचे वजीर जन्माने तुर्क नसावेत, त्यांना मागे भाऊबंद नसावेत, म्हणजे ते फक्त सुलतानाचे राहतील, हा त्यामागचा हिशेब.

येनीचेरींचा सगळा थाट स्वयंपाकघराचा होता. पलटणीच्या अधिकाऱ्याला 'चोरबाजी' म्हणत, म्हणजे सूपवाला. टोपीच्या पुढच्या बाजूला चमचा खोचायची जागा असे. पलटणीचा भला मोठा हंडा हे त्यांचं निशाण. लढाईत हंडा गमावणं ही नाचक्की, आणि पगारावरून किंवा सुलतानावरून बिनसलं की हंडा बाहेर आणून उपडा करायचा. हंडा उपडा झाला की राजवाड्यात थरकाप. अशा बंडांत वजिरांची डोकी गेली, सुलतान पदच्युत झाले. शेवटी जून १८२६ मध्ये दुसऱ्या महमूदने नवी तोफखाना पलटण आणून त्यांच्या बराकीच उडवल्या आणि सरकारी भाषेत त्या कत्तलीला 'शुभ घटना' असं नाव दिलं.

वारसाहक्काची बाजू याहून काळी आहे. गादीवर बसणाऱ्याने भावांना मारावं हा प्रघातच होता. १५९५ मध्ये तिसऱ्या मेहमेदने एकोणीस भाऊ गळा आवळून मारवले. पुढे मारण्याऐवजी राजपुत्रांना राजवाड्यातच कोंडून ठेवायला लागले आणि जन्मभर बाहेरचं जग न पाहिलेली माणसं गादीवर येऊ लागली.

इस्तंबूल कसं जिंकलं? आणि आयासोफिया मशीद की संग्रहालय?

२९ मे १४५३. सुलतान दुसरा मेहमेद तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याची सर्वांत मोठी तोफ ओतणारा उर्बान हंगेरीहून आलेला. त्याने आधी बायझंटाइन सम्राटाकडेच काम मागितलं होतं, पण सम्राटाकडे द्यायला पैसे नव्हते. खाडीच्या तोंडावर साखळी होती म्हणून मेहमेदने जहाजं चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून टेकडीपल्याड ओढून पाण्यात सोडली.

आयासोफिया ५३७ मध्ये सम्राट जस्टिनियनने पूर्ण केलेलं चर्च. १४५३ मध्ये मशीद, १९३४ च्या निर्णयाने संग्रहालय, जुलै २०२० पासून पुन्हा मशीद.

रूमी तुर्की कवी होता का?

मेवलाना जलालुद्दीन रूमी यांचं कुटुंब आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खकडचं, मंगोलांच्या लाटेआधी पश्चिमेला निघालेलं. त्यांनी लिहिलं फारसीत, आयुष्य घालवलं अनातोलियातल्या कोन्यात, आणि १७ डिसेंबर १२७३ रोजी तिथेच गेले. अफगाण, इराणी, तुर्क तिघेही त्यांना आपले म्हणतात. भांडू देत.

कोन्यात दरवर्षी डिसेंबरात गिरक्या घेणाऱ्या दरवेशांचा जो सोहळा होतो, त्याला 'लग्नाची रात्र' म्हणतात, कारण मृत्यू म्हणजे प्रियकराशी मीलन. यातली गंमत अशी की १९२५ मध्ये कायद्याने सगळे दर्गे आणि सूफी पंथ बंद झाले. रूमींची कबर १९२७ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. त्यामुळे सरकारदरबारी तो सोहळा आजही सांस्कृतिक कार्यक्रम आहे, उपासना नाही. प्रेक्षकांत हात जोडून रडणारी माणसं बघितली की हा फरक कितपत खरा ते कळतं.

आर्मेनियन लोकांचं १९१५ मध्ये काय झालं?

२४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक, पत्रकार, पुढाऱ्यांना अटक झाली. त्यानंतर अनातोलियातल्या आर्मेनियन वस्त्यांना सिरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं. वाटेत कत्तल, भूक, रोगराई. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. बहुसंख्य इतिहासकार आणि अनेक देश याला वंशसंहार म्हणतात. तुर्की सरकार मृत्यू नाकारत नाही, पण ठरवून केलेला संहार हे नाकारतं. या विषयावर निर्भयपणे लिहिणारे आर्मेनियन-तुर्की संपादक ह्रांत दिंक यांचा जानेवारी २००७ मध्ये इस्तंबूलमध्ये भर रस्त्यात खून झाला. त्यांच्या अंत्ययात्रेत प्रचंड जनसमुदाय 'आम्ही सगळे आर्मेनियन' असे फलक घेऊन चालला, हेही त्याच देशात घडलं.

पहिल्या महायुद्धात मराठी सैनिक तुर्कांशी लढले होते का?

हो, मुख्यतः आजच्या इराकमध्ये. मराठा पलटणी बगदादच्या दिशेने गेलेल्या ब्रिटिश फौजेत होत्या. ती फौज तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत गावात अडकली. डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. खायला घोडे मारले तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं आणि उपासमार ओढवून घेतली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार जण शरण गेले, त्यांत बहुसंख्य हिंदी होते. पुढची पायपीट आणि रेल्वेमार्गावरची मजुरी यात हजारो दगावले. त्यांचा सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात पाहुण्यासारखा राहिला. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गावांत 'या गावातून इतके जण महायुद्धाला गेले' असे संगमरवरी फलक दिसतात. त्यातले काही जण याच मोहिमेला गेलेले.

अतातुर्क यांनी नेमकं काय केलं?

उस्मानी साम्राज्य पहिलं महायुद्ध हरल्यावर मित्रराष्ट्रांनी अनातोलियाचे तुकडे पाडायला घेतले. मे १९१९ मध्ये ग्रीक फौज इझमीरला उतरली. त्याच आठवड्यात मुस्तफा केमाल, म्हणजे पुढचे अतातुर्क, काळ्या समुद्रावरच्या साम्सुन बंदरात उतरले. अंकाराला वेगळी संसद, तीन वर्षांचं युद्ध, १९२३ मध्ये लोझानचा तह आणि २९ ऑक्टोबरला प्रजासत्ताक. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही स्वातंत्र्यलढ्यासारखी आहे.

पुढची नाही. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत, म्हणजे सुन्नी मुसलमानांच्या प्रमुखाचं पद, रद्द. १९२५ मध्ये लाल फेझ टोपी बेकायदा. १९२६ मध्ये शरियतीऐवजी स्वित्झर्लंडच्या नमुन्यावर दिवाणी कायदा, म्हणजे बहुपत्नीत्व बंद. १९३४ मध्ये स्त्रियांना संसदेसाठी मतदान आणि उमेदवारीचा हक्क, फ्रान्सच्या दहा वर्षं आधी. १९३२ पासून अठरा वर्षं अजानही अरबीऐवजी तुर्कीत देणं सक्तीचं होतं.

सर्वांत खोल घाव लिपीचा. १ नोव्हेंबर १९२८ रोजी कायदा झाला आणि नव्या वर्षापासून अरबी लिपी व्यवहारातून गेली. रोमन अक्षरं शिकवायला अतातुर्क स्वतः फळा-खडू घेऊन गावोगावी उभे राहिले, त्याचे फोटो आजही शाळांत लागलेले असतात. साक्षरता वाढली, हे खरं. पण आजोबांची पत्रं, घराची कागदपत्रं, कबरीवरचा मजकूर नातवाला वाचता येईना, हेही तितकंच खरं. आपल्याकडे मोडी गेल्यावर काही प्रमाणात असं झालं, पण छापील पुस्तकं तरी देवनागरीत हाताशी राहिली. तिथे लिपीपाठोपाठ अरबी-फारसी शब्दही उपटले. अतातुर्क यांचं १९२७ मधलं सहा दिवस चाललेलं भाषण पुढच्या पिढ्यांसाठी सोप्या तुर्कीत पुन्हा लिहावं लागलं.

१९३४ मध्ये प्रत्येकाला आडनाव घेणं सक्तीचं झालं. 'यान', 'इदिस', 'ओफ' असे परकी शेपटीचे शेवट चालणार नव्हते. संसदेने केमाल यांना 'अतातुर्क', तुर्कांचा पिता, हे आडनाव दिलं. १० नोव्हेंबर १९३८ रोजी सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी ते गेले. दरवर्षी त्या मिनिटाला भोंगे वाजतात, पुलावरच्या गाड्या थांबतात आणि माणसं दार उघडून रस्त्यात उभी राहतात.

त्यांना मानणारे आणि न मानणारे दोघेही आजच्या राजकारणात आहेत. सरकारी कचेऱ्यांतली हिजाबबंदी २०१३ मध्ये उठली. कोणाला त्यात घड्याळ उलटं फिरल्यासारखं वाटलं, कोणाला मुलीला एकदाची नोकरी मिळाली.

ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसं अदलाबदल केली म्हणजे काय?

१९२३ च्या करारानुसार अनातोलियातल्या सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांना ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधल्या सुमारे चार लाख मुसलमानांना तुर्कस्तानात जावं लागलं. बरेच ख्रिश्चन करार होण्याआधीच पळून गेलेले होते. निकष भाषेचा नव्हता, धर्माचा होता. म्हणून कायसेरी-कोन्याकडचे, घरी फक्त तुर्की बोलणारे ख्रिश्चन 'ग्रीक' ठरले, आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान 'तुर्क' ठरले. दोघांनाही नव्या गावात शेजाऱ्यांची भाषा येत नव्हती. तुर्क कोण याचं उत्तर त्या वर्षी सरकारी यादीने दिलं. फेथियेजवळचं कायाकोय हे त्या वेळी रिकामं झालेलं गाव. छपरं नसलेली शेकडो दगडी घरं डोंगरउतारावर आजही उभी आहेत. फाळणी ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही.

भारतातल्या खिलाफत चळवळीचं तुर्कांना काय वाटलं?

पैसा आवडला, खलिफाचं पद राखा ही मागणी नाही. खिलाफत समितीचं मुख्य कार्यालय मुंबईत होतं. भायखळ्याचं खिलाफत हाउस अजून आहे, ईद-ए-मिलादची मोठी मिरवणूक तिथूनच निघते. इथून गेलेल्या निधीचा अंकाराच्या लढ्याला उपयोग झाला, उरलेल्यातून १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इश बँकेच्या भांडवलाला हातभार लागला. आणि ज्या खलिफासाठी इथे गांधीजी आणि अली बंधू सभा घेत होते, त्याला तुर्कांनीच देशाबाहेर काढलं. चळवळीच्या पायाखालची जमीनच गेली.

या कथेला मराठवाड्याचं एक शेपूट आहे. शेवटचे खलिफा दुसरे अब्दुलमजीद फ्रान्समध्ये राहिले, त्यांना हैदराबादच्या निजामाचं निवृत्तिवेतन मिळत असे. १९३१ मध्ये त्यांची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न निजामाच्या थोरल्या मुलाशी झालं. औरंगाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. खलिफांसाठी खुलताबादजवळ मकबराही बांधला गेला. ते १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारले, दफन अखेर मदिनेत झालं. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला.

कुर्दांचा प्रश्न काय आहे?

लोकसंख्येचे साधारण पंधरा ते वीस टक्के लोक कुर्द. त्यांची भाषा इराणी कुळातली, म्हणजे तुर्कीपेक्षा मराठीच्या जास्त जवळची. वर म्हटलेल्या 'तुर्क झाले' या वर्गात कुर्दांनाही बसवायचा नव्या प्रजासत्ताकाचा प्रयत्न होता. त्यांना 'डोंगरी तुर्क' म्हटलं गेलं, गावांची नावं बदलली, १९८० च्या दशकात भाषेवर कायद्याने बंदी आली. १९८४ पासून कुर्दिस्तान कामगार पक्षाने, म्हणजे पीकेकेने, सशस्त्र लढा सुरू केला. त्यात चाळीस हजारांहून अधिक माणसं मेली, त्यात सामान्य कुर्द शेतकरी पुष्कळ. २००९ मध्ये सरकारी कुर्दी दूरचित्रवाहिनी सुरू झाली. तुरुंगात असलेले नेते अब्दुल्ला ओजालान यांच्या आवाहनानंतर मे २०२५ मध्ये पक्षाने स्वतःच्या विसर्जनाची घोषणा केली.

अलेवी म्हणजे शिया का?

पैगंबरांचे जावई अली यांना मानतात, म्हणून शियांजवळ ठेवतात, पण आचार पूर्ण वेगळा. ते मशिदीत जात नाहीत. 'जेम' नावाच्या सभेत स्त्री-पुरुष एकत्र बसतात, 'देदे' म्हणजे आजोबा हा पुढारी, साझ हे तंतुवाद्य वाजतं, भजनं होतात, रिंगण धरून 'सेमाह' होतो. दोघांचं भांडण असेल तर ते मिटल्याशिवाय सभा सुरू होत नाही. वारकरी माणसाला हे ओळखीचं वाटेल. छळही पुष्कळ सोसला. २ जुलै १९९३ रोजी सिवासमध्ये जमावाने हॉटेल पेटवलं, त्यात अलेवी उत्सवाला आलेले कवी, गायक, लेखक जळून मेले.

तुर्की भाषा मराठी माणसाला अवघड जाते का?

इंग्रजी माणसापेक्षा खूप कमी. क्रियापद शेवटी, शब्दाला प्रत्यय. लिंग नाही, तो-ती-ते सगळ्यांना एकच 'ओ'. स्वतः न पाहिलेल्या, कानावर आलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाला 'मिश' लागतो, जिथे आपण 'आला म्हणे' म्हणू. वडीलधाऱ्यांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. भाजीवाला 'आबी' म्हणजे दादा, दुकानातली बाई 'आबला' म्हणजे ताई, अनोळखी वयस्क बाई 'तेझे' म्हणजे मावशी. हे तीन शब्द पाठ करून गेलात तरी बाजारात निम्मं काम होतं.

घरी बोलावलं तर काय अपेक्षा ठेवावी?

चपला बाहेर. दारात हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओततील, ते चोळायचं. मग चहा. बिनदुधाचा, कंबर असलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात, आणि चमचा पेल्यावर आडवा ठेवेपर्यंत येतच राहणारा. हा चहा प्राचीन वगैरे नाही. येमेन हातचं गेल्यावर कॉफी महाग झाली, म्हणून सरकारने काळ्या समुद्रावरच्या रिझेत चहा लावला. तिथला पहिला कारखाना १९४७ चा. आज दरडोई चहात तुर्क जगात पहिल्या ओळीत आहेत.

कॉफी उरली ती मानापुरती. मुलगी बघायला पाहुणे आले की मुलगी सगळ्यांना कॉफी देते आणि मुलाच्या पेल्यात मूठभर मीठ घालते. त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची. लग्नाआधीच्या मेंदीच्या रात्री नवरी मूठ घट्ट मिटून बसते आणि सासूने तळहातावर सोन्याचं नाणं ठेवल्याशिवाय उघडत नाही. आमच्याकडच्या किती सासवा यात टिकतील, शंका आहे.

शाकाहारी माणसाचं निभावतं का?

आरामात. मसूर डाळीचं सूप सगळीकडे मिळतं, फक्त मटणाच्या पाण्यात केलंय का ते विचारा. 'झेयतिनयाली' म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या मागा. पालक-चीजची गोझलेमे आपल्या पराठ्याची बहीण. 'आयरान' म्हणजे खारं ताक. चिकोफ्तेचा अर्थ कच्चं मांस असला तरी दुकानात मिळते ती आता दलिया आणि मिरचीची, बिनमांसाची.

मालिकांमधला इतिहास खरा मानावा का?

कपडे, घोडे, संगीत उत्तम. उस्मानचे वडील एर्तुरुल यांच्यावर शेकडो भागांची मालिका निघाली, पण त्यांच्या काळातला पुरावा म्हणजे जवळजवळ एक नाणं, ज्यावर 'एर्तुरुलचा मुलगा उस्मान' असं लिहिलं आहे. बाकी गोष्टी शंभरेक वर्षांनी लिहिल्या गेल्या. सुलेमान आणि हुर्रेमच्या बाबतीत सामग्री भरपूर आहे. हुर्रेम ही आजच्या युक्रेनच्या बाजूची, पळवून आणून विकलेली मुलगी. सुलतानाने तिच्याशी रीतसर लग्न केलं, ते उस्मानी रिवाजात बसणारं नव्हतं. त्याने 'मुहिब्बी' या टोपणनावाने तिच्यावर केलेल्या कविता आणि तिची त्याला आलेली पत्रं शिल्लक आहेत. ती वाचावीत. मालिकेतल्या विषाच्या कुप्यांपेक्षा त्यात जास्त आहे.